रुंद अलॉय फुटपाथला घासू नयेत म्हणून टायर कुठला घालायचा

आमच्या मेव्हण्यानं दिवाळीच्या आधी कोल्हापुरातनं जुने अलॉय आणले, १६ इंची, ७ जे, पाच दांड्यांचे, काळे आणि वरनं डायमंड कट (लेथवर तासून चमकवलेले), दिसायला एकदम भारी. त्याच्या बलेनोला कंपनीचेच १९५/५५ आर १६ टायर होते (१९५ मिलीमीटर रुंदी, भिंतीची उंची त्याच्या ५५ टक्के, रिम १६ इंची), अजून नक्षी बरी होती म्हणून तेच काढून या नव्या-जुन्या रिमवर चढवले. पंधरा दिवसात डावीकडच्या दोन्ही रिमांची कड बेळगावच्या टिळकवाडीत फुटपाथला घासून पांढरी. दोन दिवस माणूस जेवला नाही नीट. मला म्हणतो, भावजी माझा हात बिघडलाय काय की. अरे हात तोच आहे, आधीच्या रिमवर पाच वर्षात एक ओरखडा नव्हता, तेव्हा पण तू असाच लावत होतास की गाडी.

मी उद्यमबागेत मशीन शॉपला आहे, दिवसभर हातात व्हर्नियर, त्यामुळं मला पहिली शंका मापाचीच आली. चाक काढलं आणि मोजलं. आता बघा, रिमवर ७ जे लिहिलेलं असतं ते सात इंच म्हणजे रिमची बाहेरनं बाहेर रुंदी नव्हे, हे निम्म्या लोकांना माहीत नसतं. टायरची बीड, म्हणजे रिमवर घट्ट बसणारी आतली कड, जिथं बसते त्या दोन कडांच्या आतलं माप आहे ते, आणि जे हे त्या कडेच्या आकाराचं नाव. दोन्ही बाजूंना कडेची जाडी साधारण अर्धा-अर्धा इंच धरा, म्हणजे ७ जेचं रिम बाहेरनं भरतं जवळजवळ आठ इंच, २०३ मिलीमीटर. आणि टायर कितीचा, १९५. नुसतं आकड्यावर गेलं तर रिमच टायरपेक्षा रुंद झालं!

तसं प्रत्यक्षात होत नाही कारण १९५ हा पण नावाचाच आकडा. टायर कंपन्यांच्या माहितीपत्रकात दोन गोष्टी दिलेल्या असतात, टायर कुठल्या रुंदीच्या रिमवर बसवून मोजला ते आणि तिथं त्याची खरी रुंदी किती भरली ते. १९५/५५ आर १६ हा ६ इंची रिमवर मोजतात आणि तो साधारण २०१ भरतो. रिम अर्ध्या इंचानं रुंद केलं की टायर साधारण ५ मिलीमीटरनं पसरतो, म्हणजे ७ इंची रिमवर २११ च्या आसपास. २११ वजा २०३, आठ, भागिले दोन, एका बाजूला चार मिलीमीटर. मेव्हण्याचं जुनं रिम ६ जेचं होतं, बाहेरनं १७८ च्या आसपास, आणि टायर २०१, म्हणजे एका बाजूला अकरा-साडेअकरा मिलीमीटर रबर बाहेर. अकराचं चार झालं. आधी फुटपाथला टायर टेकायचा आणि गाडी थांबायची, आता टायर टेकला न टेकला तोवर रिम खर्रर्र.

दुकानात कुठला ब्रँड चांगला हे विचारायच्या आधी हे गणित करा. माहितीपत्रकात ७ इंची रिम १९५/५५ ला चालतं, रिमच्या रुंदीची मर्यादा साडेपाच ते सात इंच अशी आहे, पण सात हे शेवटचं टोक. टोकावर बसवलेला टायर दोन्हीकडनं ताणला जातो, बाजूची भिंत उभी राहायच्या ऐवजी आत कलते, आणि काही पोरं मुद्दाम असा ताणून बसवतात स्टाइल म्हणून. त्यांचं त्यांना लखलाभ, पण फुटपाथपासनं रिम वाचवायचं असेल तर बरोबर उलटं करायचं, आपल्या रिमची रुंदी टायरच्या मर्यादेच्या मधोमध नाहीतर जराशी खालीच येईल असा टायर निवडायचा.

मेव्हण्याला आम्ही काढला २०५/५५ आर १६. याची मर्यादा साडेपाच ते साडेसात, म्हणजे आपलं सात मधोमधच्या जरा वरच पण टोकाला नाही, मोजतात साडेसहावर आणि तिथं भरतो २१४. सातवर २१९ धरा. २१९ वजा २०३, सोळा, एका बाजूला आठ मिलीमीटर. दुप्पट झालं की सरळ सरळ! तो म्हणाला मग अजून एक साइज वर जाऊ, २१५/५५ घालू, त्याला तर अकरा मिळतंय. मिळतंय पण इथं उंची आडवी येते. टायरचा एकूण व्यास असा काढायचा, २०५ चे ५५ टक्के म्हणजे ११२.७५, ते दोनदा, त्यात १६ इंचाचे ४०६.४ मिळवा, झाले ६३१.९. मूळ १९५/५५ चा येतो ६२०.९. फरक पावणेदोन टक्क्यांचा, गाडी साडेपाच मिलीमीटर उचलते आणि मीटरवर १०० दिसताना खरा स्पीड १०२ च्या जवळ असतो जर मीटर आधी बरोबर असेल तर, पण गाड्यांचे मीटर बहुतेक थोडं जास्तच दाखवतात त्यामुळं चालून जातं. २१५/५५ चा व्यास येतो ६४२.९, फरक साडेतीन टक्के. तीनच्या वर जाऊ नये असं धरतात, आणि वळणावर आतल्या प्लास्टिकला घासायची भीती वेगळी. म्हणून २०५ वर थांबलो.

१७ इंची, साडेसात जे वाल्यांनी पण असंच बघायचं. २०५/५० आर १७ साडेसातच्या टोकावर बसतो, त्याच्या ऐवजी २२५/४५ आर १७ घेतला तर मर्यादा सात ते साडेआठ, व्यास ६३६.८ च्या जागी ६३४.३, म्हणजे मीटरला कळणारसुद्धा नाही. फक्त मडगार्डात जागा आहे का ते बघून घ्या.

वजनाचा आकडा विसरू नका. साइजच्या पुढं ८७ व्ही, ९१ व्ही असं लिहिलेलं असतं, ८७ म्हणजे एका टायरला ५४५ किलो आणि ९१ म्हणजे ६१५. मूळ आकड्यापेक्षा कमी कधीच घ्यायचं नाही, दुकानदार कितीही म्हणू दे. अक्षर स्पीडचं, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर, एच म्हणजे २१०, ते पण कमी करू नका.

आता एफआरची गोष्ट. काही टायरच्या बाजूला, रिमच्या कडेच्या लगेच वर, रबराची एक जाड वळकटी असते गोल फिरलेली, रिम वाचवण्यासाठीच दिलेली. कॉन्टिनेन्टल त्याला एफआर लिहितं, जर्मन शब्दाचं आहे ते, काही गुडइयरवर एफपी आणि डनलॉपवर एमएफएस लिहिलेलं असतं. बेळगावात एका दुकानात मी विचारलं एफआरवाला आहे का, तर पोरगा म्हणाला, सर एफआर म्हणजे फ्रंट, मागं पण घालू शकता. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दुकानात साइज विचारल्यावर थेट आगंगिल्ल (कानडीत, जमणार नाही) सर, १९५ च घ्या. असं पण होतं. म्हणून अक्षरांच्या नादाला जास्त लागू नका, अक्षर नसलं तरी वळकटी असू शकते आणि प्रत्येक टायरची वेगवेगळी असते. दुकानात टायर आडवा ठेवायला सांगा आणि अंगठा बीडपासनं वर भिंतीकडं फिरवा, चांगल्या टायरला अंगठा एका पायरीवर अडकतो. नुसतीच बारीक रेघ लागली तर ती वळकटी नव्हे, साच्याची रेघ.

पण एक ध्यानात घ्या, टायर ताणून बसवला तर हीच वळकटी भिंतीबरोबर आत कलते आणि रिमच्या कडेच्या मागं जाऊन बसते. म्हणजे एफआरचे पैसे दिलेत आणि रिम पुढं. म्हणून आधी रुंदी आणि मग वळकटी, हा क्रम उलटा करू नका.

लोक मला अजून एक सांगतात की उंच भिंतीचा टायर घेतला की फुटपाथला रिम लागत नाही. हे अर्धंच खरं आहे. १९५/५५ ची भिंत १०७ मिलीमीटर, त्यातले १७ रिमची कडच घेते, आणि गाडीच्या वजनानं खाली दबतं ते पंधरा-वीस धरा, म्हणजे रिमची खालची कड रस्त्यापासनं सत्तर-पंच्याहत्तर मिलीमीटरवर. तीन इंच. आपल्याकडच्या काँग्रेस रोडसारख्या मोठ्या रस्त्यांवर सिमेंटच्या कडेचे ठोकळे असतात ते दीडशेच्या आसपास उंच. मग भिंत पाच मिलीमीटर उंच केली काय आणि दहा केली काय, ठोकळा रिमच्या वरपर्यंत पोचतोच, तिथं वाचवतं ते फक्त बाजूला बाहेर आलेलं रबर. उंची कामाला येते खड्ड्यात. जांबोटीहून चोर्ल्याला पावसाळ्यात जाऊन बघा, किंवा खानापूरच्या पुढं, तिथं पाणी भरलेल्या खड्ड्याची धार लागली की कमी भिंतीच्या टायरला फुगा येतो आणि रिमला बेंड. तुमचं जाणं-येणं गोव्याचं जास्त असेल तर १७ इंचाच्या मोहात पडूच नका, १६ वर राहा आणि भिंत ५५ किंवा ६० ठेवा.

आणि काही अलॉयना कुठलाच टायर वाचवू शकत नाही. गाडीच्या बाजूला बसा आणि चाकाला एक सरळ पट्टी आडवी लावा, सुताराची चालेल, पोराची शाळेची फूटपट्टी पण चालेल. पट्टी खाली रस्त्याजवळ लावायची नाही कारण तिथं टायर वजनानं फुगलेला असतो आणि माप खोटं येतं, चाकाच्या मध्यावर, घड्याळात नऊ वाजता काटा असतो तिथं लावा. पट्टी टायरच्या फुगवट्याला टेकली पाहिजे आणि रिमच्या कडेपर्यंत फट दिसली पाहिजे. माझ्या हिशोबानं सहा मिलीमीटरच्या वर असेल तर बरं, तीनच्या खाली असेल तर आज ना उद्या घासणारच. पट्टी टायरच्या ऐवजी दांड्यांनाच टेकली, म्हणजे दांडे कडेच्या बाहेर पोट काढून आलेत, तर टायरचा खर्च करू नका, रिमच विका. डायमंड कटला तर एकदा ओरखडा आला की परत लेथवर तासून घ्यावा लागतो, आणि तासायला धातू काय संपत नाही असं नाही, एक-दोनदा ठीक.

टायर बसवताना पण रिम खराब होतं, हे जास्त चिडवणारं. फुटपाथला वाचवलेलं रिम दुकानात टॉमीनं (टायर उचकटायच्या लोखंडी पट्टीनं) खरवडलं तर काय उपयोग. मशीनच्या डोक्याला प्लास्टिक आहे का ते आधी बघा, नसेल तर दुसऱ्या दुकानात जा. बॅलन्सिंगला चिकटपट्टीची वजनं आतल्या बाजूनं लावायला सांगा, ठोकायची क्लिपवाली नकोत, ती कडेला चरा पाडतात आणि वळकटीवाल्या टायरला ती नीट बसत पण नाहीत कारण रबर आडवं येतं. बाजूवरचे चार आकडे वाचून घ्या, २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा, आणि आयएसआयचा शिक्का बघा. दोनच टायर नवीन घेत असाल तर नवीन मागं घालायचे, आणि दोन्ही एक्सलवर साइज वेगळी ठेवू नका.

गाडी घरी नेण्याआधी तिथंच स्टेअरिंग दोन्हीकडं पूर्ण फिरवून बघा, मागं चार माणसं बसवा, एक गतिरोधक ओलांडा, कुठं घासायचा आवाज येतोय का ऐका. आवाज आला तर बिल द्यायच्या आधी आला पाहिजे. हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणं, टायर थंड असताना. कुणीतरी सांगेल हवा जरा कमी ठेव म्हणजे टायर फुगून रिमला झाकतो, ऐकू नका, खड्ड्यात तोच टायर चिमटला जातो आणि फुटतो. साइज बदललीत तर विमावाल्याला पण एकदा विचारून ठेवा. रिमच्या कडेला चिकटवायच्या त्या लाल-निळ्या प्लास्टिकच्या रिंगा मिळतात त्याबद्दल मला काही बोलायचं नाही, एक मी स्वतः रस्त्याच्या कडेला पडलेली बघितलीय.

मेव्हण्याची गाडी परवा आमच्याकडं गोवावेसला आली होती. पट्टी लावली, फट साडेसात भरली. पुढच्या डाव्या टायरच्या वळकटीवर सिमेंटची पांढरी रेघ, बोटभर लांब. हे कुठं म्हटलं तर म्हणाला गणपत गल्लीत, रिक्षावाला मध्ये आला. रिमवर वाकून बघितलं, जुनाच ओरखडा होता तेवढा, नवीन काही नाही.