दिवाळीच्या भेटीसाठी कळण्याचे पीठ आणि जुन्या साडीची पिशवी

दिवाळीच्या भेटीतला बराचसा पैसा खोक्यावर आणि चकचकीत कागदावर खर्च होतो, आणि ही दोन्ही भाऊबीज उलटण्याआधी घंटागाडीत जाऊन पडतात. मिठाईच्या डब्याभोवती गुंडाळल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या पातळ वेष्टनावर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. म्हणून भेट खाऊन संपणारी असावी आणि तिचे वेष्टन घरात वापरात राहणारे असावे.

पुण्या-मुंबईकडे स्थायिक झालेल्या खान्देशी नातलगांसाठी कळण्याच्या पिठाइतकी योग्य भेट मला दुसरी दिसत नाही. चार भाग ज्वारी आणि एक भाग सालासकट अख्खे उडीद निवडून, उन्हात तापवून, चवीपुरते खडेमीठ घालून गिरणीतून एकत्र दळून आणावे. नवे उडीद दिवाळीपूर्वीच बाजारात आलेले असतात. दळण मात्र निघण्याच्या आदल्या दिवशीच करावे. एका वर्षी मी महिनाभर आधी दळून ठेवले, आणि विरी गेलेल्या त्या पिठाच्या भाकरी थापतानाच तुटत होत्या, हे बहिणीकडून ओवाळणीच्या ताटासमोरच ऐकून घ्यावे लागले.

पिशवीसाठी जुन्या सुती साडीचा न विरलेला भाग धुऊन, खळ पूर्ण काढून घ्यावा. एक किलो पिठाला २६ इंच लांब आणि ९ इंच रुंद असे दोन तुकडे पुरतात. साडीचे कापड विरळ असल्याने एकेरी पिशवीतून पीठ झिरपते, त्यामुळे दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून मधोमध दुमडावेत, बाजू शिवाव्यात आणि वरच्या तोंडाला इंचभर नेफा काढून त्यात साडीच्याच काठाची नाडी ओवावी. पीठ संपल्यावर तीच पिशवी डाळीसाठी किंवा भाजीसाठी कामाला येते.

सोबत भरताची वांगी द्यावीत. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी ऐन हंगामात ती गावच्या बाजारात परवडणाऱ्या भावात मिळतात. वांगी देठासकट घ्यावीत, धुऊ नयेत, आणि प्रत्येक वांगे वर्तमानपत्राच्या कागदात वेगळे गुंडाळून पिठाच्या वर ठेवावे. कपाशीच्या काड्यांवर भाजल्याची चव शहरातल्या गॅसवर येणार नाही; त्याला इलाज नाही.

शेजाऱ्यांसाठी एवढा खटाटोप नको. घरचा स्टीलचा डबा भट्टीवर नेऊन त्यात केळ्याचे ताजे वेफर्स भरून घ्यावेत, आणि डब्याच्या बुडाशी आपले नाव कोरलेले आहे याची तेवढी खात्री करून घ्यावी.