चित्र उलटं वाचा

रिडोल्फो कापो फेर्रोचं तलवारीचं पुस्तक १६१० साली इटलीतल्या सिएनात छापलं. स्कॅन इंटरनेटवर फुकट मिळतं, इंग्रजी भाषांतरही आहे. चित्रं इतकी देखणी की माणूस थेट त्यांचीच नक्कल करायला लागतो. मीही केली, महिनाभर, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर, भाच्याला समोर उभं करून. तो वाकायचा, मी टोक त्याच्या मास्कपाशी नेऊन पुतळ्यासारखा थांबायचो. शिकलो काहीच नाही.

चूक कळली ती जुन्या धंद्यामुळे. तीस वर्षं कारखान्यात ड्रॉइंग काढली. त्यात तयार भाग दिसतो; तो लेथवर कसा धरला होता ते दिसत नाही. या चित्रांतही वार लागून गेलेला असतो. आधीचं सगळं मजकुरात. एका चित्राचंच घ्या: एकानं आतल्या बाजूनं समोरच्याचं पातं दाबात घेतलं, दुसरा ते खालून सोडवून भोसकायला गेला, तेवढ्यात पहिल्यानं त्याला गाठलं. पुढे कापो फेर्रो गुरुजी हळूच सांगतात, मार खाणारा चतुर असता तर त्यानं अंग मागे ठेवून पातं सोडवण्याची नुसती हूल दिली असती. ही ओळ गाळू नका. सगळी गंमत तिथेच आहे.

म्हणून आधी चित्रातल्यासारखे उभे राहा आणि एकेक पाऊल मागे घेत मूळ पवित्र्यापर्यंत या. मग तेच सावकाश पुढे. आम्हाला एका चित्राला तीन रविवार लागतात.

आम्ही तलवारीऐवजी काठी घेतो. तलवारीची लांबी कापो फेर्रोच सांगतो, काठीही तेवढीच: तळपायापासून काखेपर्यंत. माझी ५० इंच भरली. गदक्याची, म्हणजे आपल्या मर्दानी खेळातल्या आखूड काठीची, सवय असलेल्या हाताला ती बांबूची शिडी वाटते! टोकाला कुबडीचं रबरी बूच बसवा. फेन्सिंगचा मास्क आणि गळ्याचं संरक्षण घेतल्याशिवाय जोडीनं खेळू नका. भाच्याच्या गळ्यावरचा वळ आठवडाभर माझ्या बहिणीला दिसत होता, आणि मला तिची बोलणी खावी लागत होती.

मूळ इटालियन वाचायचं असेल तर जुन्या छपाईतला एस एफसारखा दिसतो, एवढं ध्यानात ठेवा. जुन्या शब्दांना जॉन फ्लोरिओचा १६११ चा इटालियन-इंग्रजी कोश बरा, त्याच काळातला आहे.

व्यायामगुरू माणिकरावांच्या या बडोद्यात फरी-गदका खेळून आलेल्यांना मात्र एक सांगतो. आपला हात खांद्यातून फिरतो आणि पाय त्याच्याबरोबर नाचतो. कापो फेर्रोच्या पद्धतीत आधी हात लांबवायचा, मगच पुढचा पाय टाकायचा. पाय आधी गेला की छाती उघडी पडते. मी भिंतीवर खडूनं रुपयाएवढा गोल काढला आणि रोज पन्नास वेळा, हात, मग पाय. दोन महिन्यांनी खांदा ऐकू लागला.

गेल्या रविवारी भाच्यानं ती हूल दिली. मी सरळ धावून गेलो.