घरी ब्रॉडबँड येण्याआधी सॅटनॅवचा नकाशा ताजा करताना

ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या आणि लंडनबाहेर घर मिळालेल्या मंडळींना गाडीची गरज फार लवकर भासते. भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून 12 महिने चालतं, त्यामुळे बरेचजण लगेच एखादी जुनी गाडी घेऊन टाकतात. तिच्यासोबत काचेला चिकटवलेला सॅटनॅव, म्हणजे उपग्रहांच्या मदतीने रस्ता दाखवणारं यंत्रही पुष्कळदा मिळतं. ते चालू होतं, रस्ता सांगतं, म्हणून त्यावर भरवसा ठेवून लांब निघू नका. आधी सेटिंगमध्ये जाऊन नकाशा कोणत्या वर्षाचा आहे ते बघा.

केंब्रिज आणि हंटिंगडनच्या मधला नवा ए-14 महामार्ग 2020 मध्ये खुला झाला. त्याआधीचा नकाशा असेल तर पडद्यावर तुमची गाडी शेतातून चाललेली दिसेल आणि यंत्र भलत्याच ठिकाणी वळायला सांगेल. लंडनमध्ये थेम्सखालचा सिल्व्हरटाउन बोगदा 7 एप्रिल 2025 ला सुरू झाला, आणि त्याच दिवसापासून शेजारच्या जुन्या ब्लॅकवॉल बोगद्यालाही पैसे लागू झाले. जुन्या यंत्राला यातलं काहीच ठाऊक नसतं. वेल्समध्ये 17 सप्टेंबर 2023 पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवरची वेगमर्यादा ताशी 30 मैलांवरून 20 वर आली. जुना नकाशा अजून 30 च दाखवत राहील. दंड मात्र रस्त्यावरच्या पाटीप्रमाणे होतो. शिवाय आपल्यातले कितीतरी लोक नव्याने बांधलेल्या वसाहतींत भाड्याने राहतात, आणि तिथले पोस्टकोड जुन्या नकाशात सापडतच नाहीत.

अडचण अशी, की या सुरुवातीच्या दिवसांत घरी इंटरनेट नसतं. ब्रॉडबँडच्या करारासाठी क्रेडिट हिस्टरी (आधीची बिलं-कर्ज वेळेवर फेडल्याची नोंद) बघतात, ती तुमची अजून तयार झालेली नसते. कनेक्शन जोडायला माणूस यायचीही वाट बघावी लागते. हाताशी असतं ते फक्त मोबाइलचं सिम. पण काळजी करू नका, तेवढं पुरतं. गाडी कुठे आहे हे कळायला सॅटनॅवला इंटरनेट लागतच नाही. सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांचा संदेश त्याला फुकट मिळतो. नकाशा यंत्राच्या आत साठवलेला असतो, आणि इंटरनेट लागतं ते तो बदलण्यापुरतंच.

सिम घेताना करार नसलेला, 30 दिवसांचा प्लॅन घ्या. गिफगॅफ, लेबारा, स्मार्टी यांच्याकडे असे प्लॅन मिळतात. मात्र ‘अनलिमिटेड’ शब्दावर थांबू नका. हॉटस्पॉटने दुसऱ्या यंत्राला डेटा द्यायची परवानगी आहे का, आणि असल्यास किती, ते अटींमध्ये वाचा. संपूर्ण युरोपचा नकाशा कित्येक जीबीचा असतो. आत्ता त्याची गरज नाही. फक्त ब्रिटन आणि आयर्लंडचा भाग निवडता येत असेल तर तोच निवडा. डेटाही वाचतो आणि यंत्रातली जागाही. जागा कमी पडलीच, तर बऱ्याच यंत्रांना मेमरी कार्ड घालायची सोय असते.

तुमच्या सॅटनॅवला वायफाय असेल तर तो थेट फोनच्या हॉटस्पॉटला जोडता येतो. नेटवर्क दिसतच नसेल, तर यंत्र बिघडलं असं समजू नका. पुष्कळ सॅटनॅवना फक्त 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय कळतं. अँड्रॉइड फोनवर हॉटस्पॉटचा बँड 2.4 वर आणा, आयफोनवर ‘मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी’ चालू करा आणि जोडणी होईपर्यंत तोच पडदा उघडा ठेवा. सॅटनॅव आणि फोन दोन्ही चार्जरला लावून, घरात जिथे मोबाइलची रेंज चांगली येते तिथे ठेवा. अपडेट अर्ध्यात तुटलं तर यंत्र अडकून बसू शकतं, म्हणून गाडीत बसून, निघायच्या घाईत हे काम करूच नका.

वायफाय नसलेल्या जुन्या यंत्राला लॅपटॉप लागतो. गार्मिनसाठी ‘गार्मिन एक्स्प्रेस’, टॉमटॉमच्या बऱ्याच यंत्रांसाठी ‘मायड्राइव्ह कनेक्ट’. इथे एक गोष्ट अगदी आग्रहाने सांगते. हॉटस्पॉटला जोडलेल्या लॅपटॉपला ते नेहमीचं वायफाय वाटतं आणि तो आपली स्वतःची अपडेट्स, फोटो, फाइली सगळं वरखाली करायला लागतो. नकाशा राहतो बाजूला आणि महिन्याचा डेटा संपतो. विंडोजच्या वायफाय सेटिंगमध्ये त्या नेटवर्कला आधी ‘मीटर्ड कनेक्शन’, म्हणजे मोजका डेटा असलेलं नेटवर्क करा, मगच सुरुवात करा.

डेटा अगदीच तुटपुंजा असेल तर कौन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) लायब्ररीत जा. सदस्यत्व फुकट, वायफायही बहुतेक ठिकाणी फुकट. तिथे लॅपटॉपच न्या, कारण अशा वायफायवर आधी लॉगिनचं पान उघडावं लागतं आणि सॅटनॅवला ते उघडता येत नाही.

यंत्र फारच जुनं असेल तर नकाशाआधी त्याचं सॉफ्टवेअर ताजं करा. जीपीएसची आठवड्यांची मोजणी 1024 पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येते. असं शेवटचं 6 एप्रिल 2019 ला झालं, आणि तेव्हापासून काही जुनी यंत्रं तारीख-वेळ चुकीची दाखवतात. आणि डब्यावर ‘लाइफटाइम मॅप्स’ लिहिलं असलं तरी ते आयुष्य यंत्राचं असतं. टॉमटॉमने 2018 मध्ये आपल्या काही जुन्या मॉडेल्सचे नकाशे ताजे करणं थांबवल्याचं जाहीर केलं होतं. तुमचं मॉडेल त्यात असेल तर त्यावर वेळ घालवू नका. फोनवर ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड घ्या, ब्रिटनचा नकाशा उतरवून ठेवा, तो रेंज नसतानाही चालतो. मात्र फोन स्टँडवरच हवा, आणि काचेवर समोरचं दिसण्यात अडथळा न येईल असा. गाडी चालवताना फोन हातात धरला, मग सिग्नलला का उभे असाना, तरी लायसन्सवर 6 पेनल्टी पॉइंट (गुन्ह्याचे गुण) आणि 200 पौंड दंड. इथली टेस्ट पास झाल्यापासून दोन वर्षांच्या आत 6 पॉइंट झाले की लायसन्स जातं.

त्या टेस्टसाठीही सॅटनॅवची सवय कामाला येते. बहुतेक परीक्षांमध्ये बराच वेळ परीक्षकाने लावलेला सॅटनॅव ऐकत गाडी चालवावी लागते. यंत्र मैलांवर ठेवा आणि गोल चौकात ‘तिसरी एक्झिट’ म्हणजे कोणती, हे कान आणि डोळे मिळून ओळखायला शिका.

आपल्यातल्या कित्येकांचा पहिला लांबचा प्रवास लंडनमधल्या डॉलिस हिलला, 1932 पासून चालत आलेल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला होतो. ते ठिकाण यूलेझ हद्दीत, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना पैसे भरावे लागतात त्या भागात आहे. 29 ऑगस्ट 2023 पासून लंडनचे सगळे बरो (प्रशासकीय विभाग) त्यात आले आहेत. सप्टेंबर 2015 पूर्वीची डिझेल गाडी असेल तर बहुधा दिवसाचे 12.50 पौंड भरावे लागतील. निघण्याआधी ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघा, कारण अद्ययावत नकाशालाही तुमची गाडी कोणत्या इंजिनाची आहे ते आपोआप कळत नाही.