सायकलफेरीतून सफाई कामगारांच्या हक्कांसाठी निधी कसा उभारावा

रविवारी पहाटे वाशीहून पामबीच मार्गाने बेलापूर गाठून परतणारे सायकलस्वार नवी मुंबईत थोडे नाहीत. त्यांपैकी एखादी फेरी मॅनहोलमध्ये आणि सेप्टिक टँकमध्ये उतरवल्या जाणाऱ्या सफाई कामगारांसाठी काढायची असेल, तर मार्ग, पंक्चरचे सामान आणि वाहतूक पोलिसांना द्यायचे पत्र यांबद्दल वेगळे सांगण्याची गरज नाही.

संस्था मात्र आधी ठरवावी. ती नोंदणीकृत असावी, या कामगारांमध्ये प्रत्यक्ष वावरणारी असावी आणि हिशेब मागितल्यावर तिच्या कपाळावर आठी पडू नये.

खरी कसोटी पैशांची असते आणि आमच्या गटालाही सर्वांत जड गेला तो हाच टप्पा. ‘एकाच्या खात्याचा क्यूआर कोड फिरवा, नंतर एकरकमी देऊन टाकू’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो मुळीच ऐकू नये. धर्मादाय कारणासाठी लोकांकडून पैसे गोळा करण्यावर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 मधील कलम 41 क चे बंधन आहे. गणेशोत्सव मंडळे वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करतात तो याच कलमाखाली. म्हणून देणगी थेट संस्थेच्या खात्यात जावी, पावतीही तिचीच असावी आणि गटाने केवळ यादी ठेवावी. करसवलतीचे आमिष तर दाखवूच नये, कारण 2,000 रुपयांवरील रोख देणगीला आयकरातली वजावट मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही.

‘दर किलोमीटरला दहा रुपये’ ही पद्धत कागदावर शोभते, पण फेरी संपली की उदार काका फोन उचलत नाहीत. अंतर आधी जाहीर करावे आणि रक्कम सायकल निघण्यापूर्वी जमा करून घ्यावी. टी-शर्ट आणि शेवटची मिसळ यांचा खर्च स्वारांनी स्वतःच्या खिशातून करावा. देणगीतला एक रुपयाही तिकडे वळवू नये.

निधी कशावर खर्च व्हावा, हेही संस्थेशी आधी बोलून घ्यावे. सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे आणि अशा मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये 30 लाख रुपये केली. वारसांचा तो हक्कच असल्यामुळे सायकलस्वारांनी दिलेल्या पंचवीस हजारांनी त्याची जागा भरत नाही. मात्र एफआयआरची प्रत, शवविच्छेदन अहवाल आणि वारसाचे कागद मिळवण्यासाठी कराव्या लागणाऱ्या खेपा, प्रतिज्ञापत्रे आणि वकील यांचा भार त्यातून निश्चित हलका होतो. कामगाराच्या पत्नीला व्यासपीठावर बोलावून हातात मोठा धनादेश देण्याचा सोहळा कृपया टाळावा.

नाव नोंदवताना प्रत्येक स्वाराकडून एक काम लिहून घ्यावे: आपल्या सोसायटीचा सेप्टिक टँक कोण आणि कोणत्या यंत्राने उपसतो, हे सचिवांना लेखी विचारणे.