या चुका टाळा: रॅकेटची हौस नडते कुठे?

हौशी टेनिसपटूने रॅकेटला गुलाबी तारा लावाव्यात, दोन पायांत दोन रंगांचे मोजे चढवावेत, खेळाचं काही बिघडत नाही. मूठ, वजन किंवा बुटाचा तळ बदलला की मात्र बिघडतं.

सोलापुरात सगळ्यात जास्त घोळ मुठीचा. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार, हात घामाने निथळतात. मग घरच्या टेरी टॉवेलची पट्टी कापून मुठीला गुंडाळली जाते. घाम टिपला जातो आणि अस्सल सोलापुरी म्हणून मिरवताही येतं. पण टॉवेल 2 मिमी जाड धरला तरी मुठीचा घेर सुमारे 12 मिमी वाढतो, आणि ग्रिपच्या दोन साइजमध्ये फरक असतो जेमतेम 3 मिमीचा. म्हणजे एकदम चार साइज वर! अष्टकोनी मुठीच्या कडा बोटांना लागत नाहीत, रॅकेट फिरू नये म्हणून हात आवळला जातो आणि कोपर धरतं. एकावर एक तीन ओव्हरग्रिप (मूळ ग्रिपवर गुंडाळायच्या पातळ पट्ट्या) चढवले तरी थोड्याफार फरकाने हेच.

टॉवेल बाकावरच बरा. मुठीला कोरड्या जातीचा ओव्हरग्रिप लावा, तो घामाने उलट जास्त पकडतो. आधी जुना काढा. नव्यावर प्लॅस्टिकची पातळ फिल्म असेल तर सोला (अनेक जण तशीच ठेवतात आणि ग्रिप घसरतो म्हणून दुकानदाराला बोल लावतात). निमुळतं टोक मुठीच्या बुडाशी चिकटवा, हलका ताण देत 2-3 मिमी एकमेकांवर चढवत वर या आणि टेपने बंद करा.

स्टिकर आणि शिशाची पट्टी रॅकेटच्या टोकाला लावणार असाल तर वजनकाटा जवळ ठेवा. टोकाला 5 ग्रॅम वाढले की स्विंगवेट, म्हणजे रॅकेट फिरवताना जाणवणारा जडपणा, साधारण 17 kg·cm² ने वाढतं. सर्व्हिस करताना दुसऱ्या सेटमध्ये ते खांद्याला कळतं. मुठीत तेवढंच वजन घालून हे फिटत नाही. तोल मागे येतो, स्विंगवेट तसंच राहतं. नाव चिकटवायचंच असेल तर मुठीजवळ चिकटवा.

डॅम्पनर (तारांची थरथर कमी करायला त्यांत अडकवतात तो तुकडा) कसलाही चालेल. टेनिसपटू आंद्रे आगासी रबरबँड वापरायचा. फक्त डॅम्पनर उभ्या-आडव्या तारांच्या जाळीबाहेर हवा, आत बसवणं नियमात बसत नाही. त्याने बदलतो तो मुख्यतः आवाज, त्यामुळे दुखऱ्या कोपरावर उपाय म्हणून विकत घेऊ नका. कोपरासाठी पॉलिएस्टर तार काढून मऊ मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांची तार) घाला, ताणही 2-3 पौंड कमी करा.

तारांवर स्टेन्सिलने अक्षर काढलं तर शाई पूर्ण वाळू द्या, नाहीतर चेंडू रंगतो.

रंग आवडला म्हणून रनिंगचे बूट घालून कोर्टवर उतरू नका. त्यांचा तळ सरळ धावण्यासाठी उंच आणि मऊ असतो. बाजूला झेपावताना घोटा मुरगळतो. हौस लेसवर भागवा.