सेकंडहँड बारा बोरची बंदूक घ्यायलात? या चुका टाळा

फौजेतून रिटायर होऊन बँकेत गार्ड लागायचंय, नाहीतर रानात रात्री जागलीला एकटं ऱ्हावं लागतं, म्हणून जुनी दुनळी शोधणारे मराठवाड्यात आजबी भरपूर आहेत, अन बहुतेकांची पहिली चूक एकच, चमक बघून भुलणं. लाकडाला पॉलिश, नळीवर नवाकोरा काळा रंग, झाला सौदा! मला तर जुन्या बंदुकीवर असला ताजा रंग दिसला की आधी शंकाच येते. बंदुकीचा नंबर अन प्रूफचे शिक्के (नळी तपासून पास केल्याच्या खुणा) बोटानं चाचपून बघा, कडा गुळगुळीत लागल्या तर गंजाचे खड्डे काढायला नळी घासलेली आहे, म्हणजे तेवढं लोखंड कमी झालं. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असल्या तर कुणीतरी घरीच खोलून प्रयोग केलेत असं समजा.

उलट गार्डकडची बंदूक. खांद्यावर वागवून वागवून रंग उडालेला, बट म्हणजे खांद्याला लावायचं लाकूड घासलेलं, दिसायला भंगार, पण काडतुसं फारशी झाडलेली नसतात म्हणून आतून बरेचदा चांगली निघते. अन वाड्यात कव्हरात जपून ठेवलेली? कव्हर ओल धरतं राव! त्यात निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायला लावतात, तिथं तिला तेल कोण लावणार, अन मधी पावसाळा आला की संपलं.

म्हणून आत बघा. मालक "रिकामीच हाय" म्हणला तरी आधी उघडून दोन्ही चॅम्बर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, स्वतः बघायचे, मगच पुढचं. नळ्या काढून आतून कोरडी चिंधी फिरवा, कारण खड्डे झाकायला घट्ट तेल भरून ठेवणारे महाभाग असतात. मग खिडकीच्या उजेडाकडं धरून बघा, आत सावलीच्या गोल रिंगा दिसतात, त्या सरळ गोल पाहिजेत. रिंग कुठं वाकडी झाली तर तिथं पोचा नाहीतर फुगवटा आहे. पोचा चांगला कारागीर काढू शकतो, फुगलेली नळी मात्र फुकट दिली तरी घेऊ नका. खड्डे चॅम्बरजवळ असतील तर जास्त वाईट, सगळ्यात जास्त प्रेशर तिथंच असतं.

ढिलाई बघताना सगळे नळ्यांखालचं पुढचं लाकूड तसंच ठेवून बंदूक हलवतात अन "घट्ट आहे" म्हणतात. त्या लाकडाच्या स्प्रिंगमुळंच ती घट्ट वाटते. ते काढा, नळ्या बंद करा अन मग हलवा, खटखट वाजली तर बिजागरी झिजली. बंदूक उघडायची वरची चावी पण बघा, नवी असताना ती बंद केल्यावर जराशी उजवीकडं ऱ्हाते, झिजंल तशी मध्यावर अन मग डावीकडं जाते. नळ्यांची जोडी लाकडाशिवाय टांगून हलकं ठोकलं की घंटेवानी आवाज यायला पाहिजे, भद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधली पट्टी सुटलेली असू शकते.

जुन्या विलायती बंदुकीत अजून एक गोम. तिचा चॅम्बर बऱ्याचदा अडीच इंची म्हणजे 65 मिमीचा असतो अन आजचं काडतूस 70 मिमीचं. आत बसतं सुद्धा, म्हणूनच लोक फसतात, झाडल्यावर काडतुसाचं तोंड उघडायला जागा पुरत नाही अन प्रेशर वाढतं. नळीवर लाटांसारखी नक्षी दिसली तर ती बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूच्या जमान्यातली दमास्कस नळी असू शकते, तिच्यात आजचं काडतूस घालायचंच नाही.

सेफ्टी लावा, रिकाम्या बंदुकीचा चाप ओढा, सोडा, मग सेफ्टी काढा. घोडा पडल्याचा आवाज आला तर आतलं काम बिघडलंय. ही टेस्ट डमी काडतूस घालूनच करा.

बटाची तडा दुरुस्त होते, तेवढ्यावर भाव पाडून घ्या.

कागदाचं मात्र आधी बघा. तुमचं लायसन्स पाहिजेच, अन विकणारा डीलर नसून साधा लायसन्सवाला असंल तर त्यानं कलेक्टरला किंवा जवळच्या ठाण्याला तुमच्या नावपत्त्यासकट लेखी कळवायचं, त्यानंतर किमान 45 दिवस गेल्याशिवाय बंदूक द्यायची नाही, 1959 च्या आर्म्स ॲक्टमधे हे सरळ लिहिलंय. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, तिसरीचा सौदा करून बसू नका. नंबर लायसन्सवरच्या नंबराशी अक्षर न अक्षर जुळवा, खोडलेला दिसला तर ॲडव्हान्स दिलेला असला तरी तिथूनच माघारी फिरा.