होमर शिकताना या चुका टाळा

माझ्याकडे ऑनलाइन शिकायला येणारी बहुतेक मुलं परदेशातल्या मराठी घरांतली आहेत. अमेरिकेत नववीच्या आसपास अनेक शाळांत प्राचीन ग्रीक कवी होमरचं ‘ओडिसी’ हे महाकाव्य लावलेलं असतं. इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या बारावीच्या पातळीवर, क्लासिकल सिव्हिलायझेशन (प्राचीन ग्रीक-रोमन संस्कृती) हा विषय घेतला की ‘ओडिसी’शी किंवा होमरच्याच ‘इलियड’ या ट्रॉयच्या युद्धावरच्या महाकाव्याशी गाठ पडतेच. मुलं हुशार असतात, ग्रीक देवांच्या गोष्टी त्यांना लहानपणापासून पाठ असतात, आणि नेमकं तेच आडवं येतं. गोष्ट माहीत असली की कविता वाचायची राहून जाते. मग निबंधात कवितेत नसलेल्याच गोष्टी उतरतात. गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा दिसलेल्या चुका इथे लिहिते आहे.

‘इलियड’मध्ये घोडा शोधू नका

पहिल्या तासाला मी विचारते, ‘इलियड’ कशाबद्दल आहे? उत्तरं ठरलेली असतात: सोन्याचं सफरचंद, ट्रॉयचा राजपुत्र पॅरिसने केलेलं ग्रीक राणी हेलनचं अपहरण, त्यापायी ग्रीकांचं ट्रॉयशी दहा वर्षांचं युद्ध, पोटात सैनिक लपवलेला लाकडी घोडा, ग्रीक वीर अकिलीसच्या टाचेत बाण. यातली बहुतेक गोष्ट ‘इलियड’मध्ये घडतच नाही. काव्य सुरू होतं युद्धाच्या दहाव्या वर्षी आणि जेमतेम पन्नासेक दिवसांत संपतं. ते संपतं तेव्हा ट्रॉय उभं असतं आणि अकिलीस जिवंत असतो. सफरचंदाच्या गोष्टीतला देवींच्या सौंदर्याचा निवाडा शेवटच्या सर्गात ओझरता येतो, तेवढाच. घोड्याचा उल्लेख ‘ओडिसी’च्या चौथ्या, आठव्या आणि अकराव्या सर्गात आहे, आणि आपल्याला माहीत असलेली त्याची तपशीलवार हकीकत रोमन कवी व्हर्जिलच्या ‘एनिड’मधली, म्हणजे इ. स. पूर्व पहिल्या शतकातली.

टाचेचं प्रकरण तर आणखी उशिराचं. शस्त्र लागू नये म्हणून आईने अकिलीसला पाताळातल्या स्टिक्स नदीत बुडवलं आणि पाय हातात धरल्यामुळे तेवढा भाग कोरडा राहिला, ही कथा इ. स. पहिल्या शतकातल्या स्टेशियस या रोमन कवीने सांगितली. होमरचा अकिलीस अवध्य नाही. एकविसाव्या सर्गात एक योद्धा दोन्ही हातांनी एकाच वेळी दोन भाले फेकतो, त्यातला एक अकिलीसच्या हाताला चाटून जातो आणि रक्त येतं. आणि शरीराला शस्त्र लागतच नसेल तर अठराव्या सर्गात देवाकडून नवं चिलखत घडवून घ्यायची गरज काय? ही चूक केवळ माहितीची नाही. टाच मनात ठेवून वाचलं की अकिलीसच्या धैर्याला किंमतच उरत नाही. आपण इथे लढलो तर मरणार हे त्याला माहीत आहे, आणि बाकीच्यांसारखंच हाडामांसाचं शरीर घेऊन तो रणात उतरतो.

यावर उपाय साधा आहे. निबंधात प्रसंग लिहिला की पुढे सर्ग आणि ओळ लिहायची. इंग्रजी पुस्तकांत सर्गाला ‘बुक’ म्हणतात; दोन्ही काव्यांचे सर्ग चोवीस-चोवीस. ओळ सापडली नाही तर तो प्रसंग बहुधा दुसऱ्याच कुठल्या कवीचा असतो. मात्र भाषांतर बदललं की ओळींचे आकडेही पुढेमागे होतात, आणि गद्य भाषांतरांत आकडे नेमके जुळवणं अवघड जातं. म्हणून वर्गात जी आवृत्ती आहे तीच घ्या.

नावांचा गुंता

“ताई, हे अकीयन्स कोण, आर्गाइव्ह्ज कोण आणि डॅनाअन्स कोण? तीन सैन्यं आहेत का?” हा प्रश्न दरवर्षी येतो. तिन्ही नावं एकाच ग्रीक सैन्याची आहेत. पॅरिसलाच अलेक्झांडर म्हणतात, ट्रॉयलाच इलिऑस, आणि ‘अट्रिडीस’ म्हणजे अट्रिअसचा मुलगा, तो कधी ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन असतो तर कधी त्याचा भाऊ, हेलनचा नवरा मेनेलाउस. एजॅक्स नावाचे वीर मात्र खरोखरच दोन आहेत.

ज्या मुलाने गीतेचे दोन अध्याय तरी म्हटले आहेत त्याला हे जड जायला नको. पार्थ, कौन्तेय, धनंजय, गुडाकेश हे चार वेगवेगळे लोक आहेत असं त्याला वाटत नाही. पांडूचे पांडव, रघूच्या कुळातला राघव, तसाच पेलेउसचा मुलगा पेलेइडीस, म्हणजे अकिलीस. वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येकाची सगळी नावं एका ओळीत लिहून ठेवा, आणि शेजारी रोमन नावही: ‘ओडिसी’चा नायक ओडिसिअसचा युलिसिस, देवी अथीनाची मिनर्व्हा, हेराक्लीसचा हर्क्युलिस. ग्रीक काव्यावरच्या उत्तरात देवांचा राजा झ्यूसऐवजी रोमन ज्युपिटर आला की परीक्षकाला लगेच कळतं की मुलाने मूळ पुस्तक उघडलेलं नाही.

ट्रॉय म्हणजे लंका नव्हे

आपल्याकडच्या मुलांची खास चूक ही. हेलन म्हणजे सीता, पॅरिस म्हणजे रावण, समुद्र ओलांडून गेलेलं सैन्य म्हणजे वानरसेना. आई-वडीलही कौतुकाने हेच समजावून सांगतात. सुरुवातीला ओळख म्हणून ठीक आहे, पण हे समीकरण डोक्यात बसलं की ‘इलियड’ हातातून निसटतं, कारण या काव्यात शत्रू राक्षस नाहीत. ट्रॉयचे लोक त्याच देवांना बळी देतात. अपोलो आणि अ‍ॅफ्रोडाइटी त्यांच्या बाजूने उभे असतात. स्वतः झ्यूसचा मुलगा सार्पेडॉन ट्रॉयकडून लढतो, आणि त्याच्या मरणाच्या वेळी झ्यूस आभाळातून रक्ताचे थेंब ढाळतो.

तिसऱ्या सर्गात हेलन तटावर येते. जिच्यापायी शहर नऊ वर्षं जळतंय तिला म्हातारा राजा प्रायम काय म्हणतो? ये बाळ, माझ्याजवळ बैस, दोष तुझा नाही, देवांचा आहे. ती मात्र स्वतःला कुत्री म्हणवून घेते. हिला ना सीतेच्या चौकटीत बसवता येतं, ना खलनायिकेच्या.

सहाव्या सर्गातला हेक्टर, प्रायमचा मुलगा आणि ट्रॉयचा मुख्य योद्धा, तर मी कुणालाच गाळू देत नाही. रणातून क्षणभर परत आलेला बाप मुलाला घ्यायला हात पुढे करतो, आणि ते पोर शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा हलताना बघून किंचाळतं, दाईच्या कुशीत शिरतं. आई-बाप दोघं हसतात. हेक्टर चकाकतं शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मगच मुलाला उचलून घेतो. ग्रीक श्रोत्यांसाठी ग्रीक कवी हे शत्रूच्या घरातलं सांगतो आहे.

तुलना करायचीच असेल तर महाभारताशी करा, तीही स्त्रीपर्वाशी. ‘इलियड’च्या शेवटी हेक्टरच्या शवापाशी आधी त्याची बायको, मग आई, आणि सगळ्यात शेवटी हेलन विलाप करते. गांधारीचा शोक माहीत असलेल्या मुलाला इथे लिहिण्यासारखं खूप काही सापडतं. फक्त साम्य सांगून थांबू नका, फरक कुठे पडतो तेही लिहा.

उपमा गाळू नका

वेळ कमी असला की मुलं लांबलचक उपमा सोडून पुढे जातात, कारण त्यांत गोष्ट पुढे सरकत नाही. एकट्या ‘इलियड’मध्ये अशा उपमा दोनशेच्या आसपास आहेत, आणि माझ्या मते होमर सगळ्यात जास्त तिथेच भेटतो. मेनेलाउसवर आलेला बाण अथीना बाजूला सारते, कशी? झोपलेल्या बाळावरची माशी आईने हाकलावी तशी. रणाच्या ऐन मध्यावर पाळणा दिसतो.

‘ओडिसी’च्या आठव्या सर्गातली उपमा मी वर्गात दोनदा वाचून घेते. ओडिसिअस परक्या राजाच्या दरबारात पाहुणा म्हणून बसला आहे, अजून कुणाला त्याचं नाव ठाऊक नाही. तो स्वतःच अंध गायकाला सांगतो, लाकडी घोड्याची कथा गा. गायक गातो, ट्रॉय कसं लुटलं ते सांगतो, आणि ओडिसिअस रडू लागतो. कवी म्हणतो, तो एखाद्या बाईसारखा रडला. कुठली बाई? जिचा नवरा आपलं शहर वाचवताना पडला आहे, तो तडफडतोय आणि ती त्याला मिठी मारून आक्रोश करते आहे, आणि मागून शत्रू तिच्या पाठीत भाल्याने ढोसत तिला गुलामीत ओढून नेताहेत.

ते शहर लुटणारा कोण होता? हाच ओडिसिअस. त्याने ज्या बायकांची ही अवस्था केली, त्यांच्यातल्याच एकीसारखा तो रडतो आहे. कवी यावर एक शब्दही बोलत नाही, गोष्ट पुढे जाते. ज्या मुलीने ही उपमा सोडून दिली तिने आठव्या सर्गाचा सारांश बिनचूक लिहिला होता, आणि सर्ग तिला कळलाच नव्हता.

तीच विशेषणं पुन्हा का?

पहिल्या सर्गात अकिलीस रुसून जहाजांपाशी बसलेला असतो, आणि त्याच ओळींत कवी त्याला नेहमीप्रमाणे ‘चपळ पायांचा’ म्हणतो. मुलं लिहितात, इथे कवीचं दुर्लक्ष झालं. कुणी लिहितं, शब्दसंग्रह अपुरा होता. मिल्मन पॅरी नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियात फिरून, लिहिता-वाचता न येणाऱ्या गायकांची लांबलचक वीरगीतं ध्वनिमुद्रित केली. गाता गाता रचणारा माणूस वृत्तात नेमके बसणारे तयार तुकडे वापरतो, हे त्यातून दिसलं. १९३५ मध्ये पॅरी वारला, पुढचं काम त्याचा शिष्य अल्बर्ट लॉर्डने केलं. जात्यावर दळता दळता ओवी जुळवणाऱ्या बायांकडेही असे तयार चरण असतात. होमरची ठरलेली विशेषणं म्हणजे असेच तयार तुकडे, तेव्हा ‘पुनरुक्तीचा दोष’ असं लिहू नका.

‘ओडिसी’ सरळ रेषेत नाही

पहिले चार सर्ग ओडिसिअस प्रत्यक्ष दिसतच नाही, मुलगा टेलेमाकस बापाचा शोध घेत असतो. नायक पाचव्यात भेटतो, तोही कॅलिप्सो या देवीच्या बेटावर सात वर्षं अडकून, किनाऱ्यावर रडत बसलेला. एकाक्ष राक्षस, चेटकीण सर्सी, गाण्याने भुलवणाऱ्या सायरन हे सगळं नवव्या ते बाराव्या सर्गांत, आणि ते ओडिसिअस स्वतः सांगतो आहे. इथे अनेकांचे मार्क जातात. पुरावा म्हणून उतारा घेताना बोलतंय कोण हे लिहायलाच हवं, कारण हा माणूस काव्यभर खोट्या कहाण्या रचून सांगतो. तेराव्यापासून पुढे, म्हणजे जवळजवळ अर्धं काव्य, तो घरी पोचलेला आहे. तो अर्धा भाग घाईत उरकू नका. म्हातारा कुत्रा आर्गोस, पायावरचा व्रण, न हलणारा पलंग, सगळं तिथे आहे.

“खरी गोष्ट कोणती?”

हा प्रश्न पुराणकथेला लागूच पडत नाही. ग्रीकांकडे एकच प्रमाण ग्रंथ नव्हता. ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या इ. स. पूर्व ४१२ मधल्या नाटकात खरी हेलन ट्रॉयला गेलीच नाही, ती इजिप्तमध्ये होती. ‘ग्रीक पुराणानुसार’ अशी सुरुवात खोडा आणि ‘हेसिऑडच्या काव्यात’, ‘युरिपिडीसच्या नाटकात’ असं लिहा. जगातली सगळी दुःखं जिच्यातून बाहेर पडली ती पँडोराची पेटीही मुळात पेटी नव्हेच. ही गोष्ट सांगणाऱ्या प्राचीन ग्रीक कवी हेसिऑडचा शब्द आहे ‘पिथोस’, धान्य किंवा तेल साठवायचा मोठा रांजण. पेटी आली ती १६ व्या शतकात, इरॅस्मस या डच विद्वानाच्या लॅटिन लेखनातून.

मूळ ग्रीक शिकणाऱ्यांसाठी

होमरचं वृत्त इंग्रजी वळणाने शिकायला जाऊ नका. इंग्रजी छंद आघातावर चालतो, ग्रीक वृत्त लघु-गुरूवर, आणि ते तर आपण व्याकरणात शिकतोच. ओळीत सहा गण. मूळ गण गुरू-लघु-लघु, म्हणजे आपला भगण. दोन लघूंच्या जागी एक गुरू चालतो. पाचवा गण सहसा भगणच राहतो, आणि सहाव्यात दोनच अक्षरं. ‘इलियड’ची पहिली ओळ टाळी देऊन म्हणून बघा:

मे-नि-न | एइ-दे-थे | आ-पे | ले-इ-अ | द्यो-अ-खि | ले-ओस

एक अडचण मात्र येते. देवनागरीत ह्रस्व ए आणि ओ लिहायची सोय नाही, त्यामुळे दुसऱ्या गणातले ‘दे’ आणि ‘थे’ दीर्घ म्हटले जातात. त्यांच्यावर लघूची खूण करून ठेवा. उलट ख, थ, फ हे उच्चार आपल्याला फुकट मिळालेत. प्राचीन ग्रीकमधले ते तीन महाप्राण इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना घोटावे लागतात.

या ओळीचा पहिला शब्द ‘मेनिस’ (ओळीत त्याचं ‘मेनिन’ असं रूप येतं). इंग्रजी भाषांतरं वाचून मुलं त्याला ‘राग’ म्हणतात. मराठीत माणसाला राग येतो आणि देवाचा कोप होतो. ‘मेनिस’ हा शब्द होमर मुख्यतः देवांसाठी आणि अकिलीससाठी राखून ठेवतो. म्हणून कोपच म्हणा.

बाविसाव्या सर्गावर थांबू नका

‘इलियड’मध्ये अकिलीसच्या हातून हेक्टर मेला, लढाई संपली, असं समजून पुष्कळ जण पुस्तक मिटतात. मग चोविसावा सर्ग राहतो. रात्रीच्या अंधारात प्रायम मुलाचं शव मागायला एकटाच शत्रूच्या तंबूत येतो, अकिलीसचे गुडघे धरतो आणि ज्या हातांनी त्याची मुलं मारली त्या हातांचं चुंबन घेतो. दोघं रडतात, एक हेक्टरसाठी, दुसरा आपल्या बापासाठी आणि मित्रासाठी. मग अकिलीस मेंढी कापतो, मांस भाजून वाढतो, आणि दोघं जेवतात. अंत्यविधीला किती दिवस हवेत, असं तो विचारतो. प्रायम सांगतो: नऊ दिवस घरात शोक, दहाव्याला दहन, अकराव्याला माती, आणि बाराव्या दिवशी, लढायलाच हवं असेल तर, लढू. अकिलीस शब्द देतो.

काव्याच्या शेवटच्या ओळीत अकिलीस नाही. असे झाले अंत्यविधी, असं म्हणून कवी नाव घेतो ते हेक्टरचं, घोडे माणसाळवणाऱ्या हेक्टरचं.